तीन बिंदूंचें वर्तुळ

कांचेचें कांकण हातून निसटून जमिनीवर आपटलें, तर आपल्या घरांतील वडीलधारीं माणसें तें ‘फुटलें’ असें म्हणत नाहींत. ‘वाढलें’ असें म्हणतात. अमंगळ उच्चार टाळावा एवढाच त्यांचा हेतु. पण भूमितीच्या अभ्यासकास या शब्दांत थोडी यथार्थताही दिसेल. कारण कांकणाचा बोटभर तुकडा जरी हातीं राहिला, तरी त्यावरून सबंध कांकण पुन्हां रेखाटतां येतें. तुकडा कागदावर ठेवून त्याच्या कडेवर तीन खुणा कराव्या. पहिली व दुसरी, आणि दुसरी व तिसरी, अशा जोडाव्या. या दोन्ही रेषांच्या मध्यावर लंब उभारावे. हे लंब जेथें एकमेकांस मिळतील तेथें त्या नाहींशा झालेल्या कांकणाचें केंद्र होतें. उत्खननांत सांपडलेल्या खापराच्या कांठावरून मूळ रांजणाचें तोंड केवढें असावें, हें पुराणवस्तुसंशोधक याच न्यायानें ठरवितात.

हीच गोष्ट गणिताच्या पाठ्यपुस्तकांत ‘दिलेल्या तीन बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचें समीकरण काढा’ अशा कोरड्या आज्ञेच्या रूपानें येते. तें उदाहरण मीं वर्षानुवर्षें फळ्यावर सोडविलें आणि विद्यार्थ्यांनीं तें निमूटपणें वहींत उतरून घेतलें; परंतु तें कोणाच्या जिवाशीं निगडित असूं शकेल, असा विचार माझ्या मनास शिवला नव्हता. २०१९ सालच्या आरंभीं एके दिवशीं तास संपल्यावर तलासरीकडचा एक विद्यार्थी मागें थांबला. त्याच्या गांवीं तीन महिन्यांपासून जमीन हादरत होती. तो म्हणाला, “सर, वर्तमानपत्रांत धक्क्याचें केंद्र आज एका गांवाजवळ देतात, उद्यां दुसऱ्या गांवाजवळ. आज आपण तीन बिंदूंवरून केंद्र काढलें, तसें आमच्या भूकंपाचें नाहीं का काढतां येत?” मीं मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर दिलें, “येतें कीं. तीन ठिकाणें नीट मिळालीं कीं झालें.” हें उत्तर खोटें नव्हतें, पण तें अपुरें होतें. कां अपुरें होतें, हें समजून घेण्यास मला या साध्या उदाहरणाचा सारा इतिहास पुन्हां चाळावा लागला. तो इतिहास, आणि डहाणू-तलासरीच्या भूमीवर त्याची जी परीक्षा झाली ती, वाचकांपुढें ठेवावी एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

ग्रीक भूमितिकार युक्लिड यानें इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास रचलेल्या ‘मूलतत्त्वें’ या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायांतील पांचवें प्रमेय म्हणजे दिलेल्या त्रिकोणाभोंवतीं वर्तुळ काढण्याची कृति. लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदु रेषेच्या दोन्ही टोंकांपासून सारख्या अंतरावर असतो. म्हणून दोन लंबदुभाजकांचा छेदनबिंदु तिन्ही टोंकांपासून सारख्या अंतरावर असलाच पाहिजे, एवढीच तिची उपपत्ति. पण युक्लिड तेथें थांबत नाहीं. त्रिकोण लघुकोन असेल तर केंद्र त्याच्या पोटांत पडतें, काटकोन असेल तर बाजूवर, आणि विशालकोन असेल तर बाहेर, असे तीन प्रकार तो वेगळे करून दाखवितो. शिवाय आधींच्या तिसऱ्या अध्यायांत त्यानें दोन गोष्टी सिद्ध करून ठेविल्या आहेत. एक अशी कीं, दोन भिन्न वर्तुळें परस्परांस दोहोंहून अधिक ठिकाणीं छेदीत नाहींत. आणि दुसरी अशी कीं, वर्तुळाचा तुकडा दिला असतां सबंध वर्तुळ पुरें करतां येतें. पहिलीचा अर्थ इतकाच कीं, तीन बिंदूंतून एक वर्तुळ गेलें तर दुसरें जाऊं शकत नाहीं. दुसरी ही आपल्या कांकणाची कृति.

आपल्या देशांत या विषयाची वाट निराळ्या अंगानें गेली. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आंखणाऱ्या शुल्बसूत्रकारांचीं सारीं साधनें म्हणजे खुंटी आणि दोरी. तेथें केंद्र आधीं ठरलेलें असे. खुंटी रोवली, दोरी ताणली आणि फिरविली कीं वर्तुळ तयार. प्रश्न उलटा केला, म्हणजे वर्तुळावरचे बिंदु ठाऊक आहेत पण खुंटी कोठें होती तें ठाऊक नाहीं असें झालें, कीं खरी अडचण सुरू होते. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ रचला, त्यांतील गणिताच्या अध्यायांत या अडचणीचें एक सुंदर उत्तर आहे. त्रिभुजाभोंवतींच्या वर्तुळाच्या त्रिज्येस तो ‘हृदयरज्जु’ म्हणतो आणि ती काढण्याची रीति अशी देतो: दोन भुजांचा गुणाकार करावा आणि त्यास तिसऱ्या भुजेवरील लंबाच्या दुपटीनें भागावें. उदाहरणार्थ, ६, ८ व १० अशा भुजांचा त्रिभुज घ्या. ६ व ८ यांचा गुणाकार ४८. १० या भुजेवरचा लंब ४.८, त्याची दुप्पट ९.६, भागाकार ५. म्हणजे हृदयरज्जु ५. मध्यभागीं लपलेल्या खुंटीपर्यंत पोंचणारी दोरी, तिला हृदयाची दोरी म्हणणें यांत किती समर्पकता आहे, हें निराळें सांगावयास नको.

युक्लिडची वाट आणि आपली वाट या दोहोंची भेट अठराव्या शतकांत झाली, आणि ती घडवून आणणारा पंडित मूळचा महाराष्ट्रीय होता असें परंपरा सांगते. जयपूरचा सवाई जयसिंह याच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटानें नासिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडचा ग्रंथ संस्कृतांत आणिला. त्याचें नांव ‘रेखागणित’. पंधरा अध्यायांचा हा ग्रंथ पुढें १९०१-०२ मध्यें मुंबई संस्कृत ग्रंथमालेंतून छापून निघाला. त्रिकोणाभोंवतीं वर्तुळ काढण्याची कृति अशा रीतीनें ग्रीक भाषेंतून अरबींत, अरबींतून संस्कृतांत, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या दुसऱ्या वाटेनें मराठी शाळेंत येऊन पोंचली.

तरीही ही सारी दोरीची आणि लंबांची भाषा होती. समीकरणाची भाषा फ्रान्समधून आली. १६३७ मध्यें देकार्त यानें आपला भूमितीवरील निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच सुमारास फर्मा हाही स्वतंत्रपणें त्याच विचारास येऊन पोंचला होता. विचार असा कीं, कागदावरील प्रत्येक बिंदूस दोन संख्यांनीं ओळखावें: एका ठराविक जागेपासून तो आडवा किती आणि उभा किती. आपल्या जुन्या भाषेंत सांगावयाचें तर एक भुज आणि दुसरी कोटि. मग वर्तुळ हें चित्र राहत नाहीं. तें भुज व कोटि यांमधील एक अट बनतें. आडव्या अंतरास क्ष आणि उभ्या अंतरास य म्हटलें, तर कोणत्याही वर्तुळाची अट अशी लिहितां येते:

क्षचा वर्ग + यचा वर्ग + ट × क्ष + ठ × य + ड = ०

यांत ट, ठ आणि ड या तीन अज्ञात संख्या. भास्कराचार्यांनीं त्यांस यावत्तावत्, कालक, नीलक अशीं नांवें दिलीं असतीं. अज्ञातें तीन आहेत म्हणून तीन समीकरणें हवींत. आणि वर्तुळावरील प्रत्येक बिंदु एक समीकरण देतो, म्हणून तीन बिंदु हवेत. शाळेंत जी संख्या केवळ नियम म्हणून घोकली जाते तिचें कारण हें.

एक उदाहरण पुरतेपणीं पाहूं. पुढें त्याचा उपयोग होणार आहे. समजा, तीन गांवें आहेत. पहिल्यापासून आपण अंतरें मोजतों. दुसरें गांव पहिल्याच्या पूर्वेस ८ किलोमीटर, आणि तिसरें पहिल्याच्या उत्तरेस ६ किलोमीटर. पहिल्या गांवाचे भुज व कोटि दोन्ही शून्य. ते घातले कीं ड शून्य निघतो. दुसऱ्याचे ८ व ० घातले कीं ६४ + ८ट = ०, म्हणून ट उणे ८. तिसऱ्याचे ० व ६ घातले कीं ३६ + ६ठ = ०, म्हणून ठ उणे ६. ट व ठ यांचीं अर्धीं घेऊन चिन्ह पालटलें कीं केंद्र मिळतें: पूर्वेस ४ आणि उत्तरेस ३ किलोमीटर. पहिल्या गांवापासून तें ५ किलोमीटर दूर आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्यापासूनही तितकेंच. ब्रह्मगुप्ताचा ५ हा हृदयरज्जु येथें पुन्हां भेटतो, कारण त्रिभुज तोच आहे.

आतां हें वर्तुळ भूकंपाशीं कसें जोडलें गेलें तें पाहूं. जमिनीच्या पोटांत कातळ तडकला म्हणजे तेथून लाटा सर्व दिशांनीं निघतात. भोंवतींचा खडक सारखा आहे असें धरलें, तर केंद्रापासून सारख्या अंतरावरील गांवांस धक्का एकाच क्षणीं जाणवेल. उलटपक्षीं, दोन गांवांस तो एकाच क्षणीं जाणवला असेल, तर केंद्राच्या बरोबर माथ्यावरचा भूपृष्ठावरील बिंदु त्या दोन गांवांच्या लंबदुभाजकावर असला पाहिजे. आणि तीन गांवांस एकाच क्षणीं जाणवला असेल, तर तो बिंदु म्हणजे त्या तीन गांवांतून जाणाऱ्या वर्तुळाचें केंद्र. पाठ्यपुस्तकांतील उदाहरण तें हेंच. १८७६ मध्यें जपानांत अध्यापक म्हणून गेलेला जॉन मिल्न हा इंग्रज शास्त्रज्ञ. त्यानें १८८६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या भूकंपविषयक ग्रंथांत अशा रीती एकत्र मांडल्या आहेत. सरळ रेषांची रीति, वर्तुळांची रीति, आणि वेळा सारख्या नसतील तेव्हां उपयोगीं पडणारी अपास्तांची रीति. याच मिल्ननें तोक्योभोंवतींच्या गांवोगांवच्या कचेऱ्यांत पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवून ठेविले होते. दर आठवड्यास एक कार्ड टाकावयाचें आणि त्यावर किती धक्के जाणवले तें लिहावयाचें. कोणत्या बाजूचीं कार्डें धक्क्यांनीं भरून येतात आणि कोणत्या बाजूचीं कोरीं, एवढ्यावरून धक्क्यांचा उगम कोणीकडे आहे याचा त्यास सुगावा लागे. यंत्रें थोडीं होतीं, तेव्हां सामान्य माणसाची साक्ष हेंच त्याचें यंत्र होतें.

साक्षीची अडचण ही कीं तीस घड्याळ लागतें. भूकंपाची पहिली लाट कातळांतून सेकंदास सुमारें ६ किलोमीटर धांवते. म्हणजे घड्याळ एक मिनिटानें चुकलें, कीं अंतर ३६० किलोमीटरांनीं चुकलें. १२ जून १८९७ रोजीं आसामांत प्रचंड भूकंप झाला. त्याचा अभ्यास करणाऱ्या ओल्डहॅम या भूगर्भशास्त्रज्ञापुढें हीच अडचण होती. त्या काळीं रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, मुंबई व कलकत्ता आपापली वेळ पाळीत, आणि खेड्यांत सूर्य हेंच घड्याळ. सबंध देशासाठीं एकच प्रमाण वेळ १९०६ च्या आरंभीं लागू झाली. मुंबईचें घड्याळ तर त्यानंतरही कित्येक वर्षें ३९ मिनिटें मागें राहून आपला मान राखीत होतें. परंतु त्याच आसामच्या भूकंपानें एक फळ दिलें. यंत्रांनीं काढलेल्या रेघा पाहून ओल्डहॅमनें १९०० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, धक्क्याच्या लाटा दोन जातींच्या असतात: एक जलद, पुढेंमागें ढकलणारी, दुसरी मंद, आडवी हेलकावणारी. एकोणिसावें शतक संपतां संपतां मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंतही मिल्नचें भूकंपमापक बसलें. ज्या वेधशाळेंत तरुणपणीं केरो लक्ष्मण छत्रे यांनीं वेध घेण्याचें काम केलें, ती ही जागा. पश्चिम किनाऱ्याची नाडी तेव्हांपासून तेथें लिहिली जाऊं लागली.

याच किनाऱ्यावर, मुंबईच्या उत्तरेस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यांत मोडतात. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होते. पश्चिमेस समुद्र आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या, पूर्वेस वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी यांच्या पाड्यांनीं भरलेला डोंगराळ मुलूख, आणि खालीं सर्वत्र दख्खनचा काळा कातळ. नोव्हेंबर २०१८ मध्यें या भूमींत धक्के सुरू झाले. एक मोठा धक्का आणि मग शांतता, असा हा प्रकार नव्हता. लहान धक्क्यांची रांगच लागली. कधीं दिवसांत एक, कधीं एका रात्रींत अनेक. आणि धक्क्याबरोबर तोफ डागल्यासारखा आवाज. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं दुपारीं ४.१ प्रतीचा धक्का बसला; तोपर्यंतच्यांत तो सर्वांत जोराचा. त्या दिवशींच्या धांवपळींत एका बालिकेचा प्राण गेला. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या बाजूच्या लोकांनीं थंडीच्या रात्री उघड्यावर काढिल्या. प्रशासनानें तंबू उभारले. शाळकरी मुलें भिंतींबाहेर बसून शिकलीं.

माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न या दिवसांतला. केंद्र आज येथें, उद्यां तेथें, याचा अर्थ त्याच्या गांवांत असा लावला जात होता कीं, भूकंप जमिनीखालीं हिंडतो आहे, किंवा जाणत्यांस कांहींच कळत नाहीं. दोन्ही तर्क भीति वाढविणारे. खरें कारण पुष्कळसें भूमितीचें होतें, आणि माझ्या ‘तीन ठिकाणें मिळालीं कीं झालें’ या उत्तरांत तें झांकलें गेलें होतें.

तीन ठिकाणें कोणतीं? तीं जवळजवळ एका रेषेंत असतील तर काय होईल? पश्चिम रेल्वेवरील वाणगांव, डहाणू रोड आणि घोलवड या तीन स्थानकांसारखीं किनाऱ्याला धरून एकापाठीं एक असलेलीं ठिकाणें मनांत आणावीं. हिशेबासाठीं असें समजूं कीं, दोन टोंकांचीं ठिकाणें परस्परांपासून २० किलोमीटरांवर आहेत आणि मधलें ठिकाण बरोबर मध्यावर, पण रेषेच्या बाहेर १ किलोमीटर आहे. या तिहींतून जाणाऱ्या वर्तुळाचें केंद्र काढलें, तर तें टोंकें जोडणाऱ्या रेषेपासून ४९.५ किलोमीटर दूर पडतें. आतां मधलें ठिकाण १ ऐवजीं अर्धाच किलोमीटर बाहेर धरा. केंद्र एकदम ९९.७५ किलोमीटरांवर जातें! अर्ध्या किलोमीटराचा फरक, आणि केंद्र पन्नास किलोमीटर पळालें. ठिकाणें पूर्णपणें एका रेषेंत आलीं, तर लंबदुभाजक समांतर होतात आणि केंद्र उरतच नाहीं. युक्लिडनें त्रिकोण असा शब्द वापरला तेव्हां तीन बिंदु एका रेषेंत नाहींत ही अट त्यांत आपोआप आली होती. आम्ही ती विद्यार्थ्यांस सांगतों, पण ती जवळजवळ मोडली तर काय अनर्थ होतो तें सांगत नाहीं. घड्याळाची, नोंदीची किंवा खडकांतील गतीच्या अंदाजाची लहानशी चूकही असेंच करते. दूरच्या आणि एकाच बाजूच्या यंत्रांवरून काढलेलें केंद्र गांवोगांव हिंडतें; भूकंप हिंडत नसतो.

यावर उपाय भूमितीनेंच सुचविलेला आहे: साक्षीदार भोंवतालीं बसवा. लघुकोन त्रिकोणाचें केंद्र पोटांत पडतें, हें युक्लिडचें वाक्य येथें कामास येतें. एक यंत्र डहाणूच्या किनाऱ्याकडे, एक उत्तरेस तलासरीकडे, एक आग्नेयेस कासा-जव्हारच्या बाजूस, अशी मांडणी कल्पावी. मग धक्क्यांचा पट्टा त्रिकोणाच्या आंत येतो आणि थोड्याशा चुकीनें केंद्र थोडेंसेंच सरकतें. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनीं धक्के सुरू झाल्यानंतर या परिसरांतच यंत्रें आणून बसविलीं, त्याचें मर्म हेंच. आजच्या यंत्रांचीं घड्याळें उपग्रहांवरून जुळविलेलीं असतात. मुंबईची वेळ आणि मद्रासची वेळ हा वाद आतां उरला नाहीं.

पण माझ्या उत्तरांतील खरी उणीव याहून खोल होती. तीन बिंदु घेतले कीं वर्तुळ निघतेंच. नोंदी खऱ्या असोत कीं खोट्या, तीन बिंदु एका रेषेंत नसले म्हणजे समीकरण सुटतें, केंद्र मिळतें, आणि तें कागदावर तितक्याच ऐटीनें उभें राहतें. तीन साक्षीदार परस्परांस कधींच खोटें पाडीत नाहींत, कारण त्यांच्या साक्षींत विसंगति असण्यास जागाच नसते. विसंगतीस जागा चौथ्या बिंदूपासून मिळते. आपल्या उदाहरणांतील तीन गांवांजवळच चौथें गांव घ्या: पूर्वेस १० आणि उत्तरेस ३ किलोमीटर. केंद्र खरोखर ४ व ३ येथें असेल तर हें चौथें गांव त्यापासून ६ किलोमीटर दूर असलें पाहिजे, आणि धक्का तेथें इतरांच्या किंचित मागून पोंचला पाहिजे. पोंचला, तर केंद्रावर विश्वास ठेवावा; आधींच पोंचला, तर चौघांपैकीं कोणी तरी चुकला आहे किंवा आपलें गृहीत चुकलें आहे, हें उघड झालें. तीन बिंदु वर्तुळ देतात. तें खरें कीं नाहीं हें सांगण्याचा अधिकार चौथ्याचा. म्हणूनच भूकंपशास्त्रज्ञ तिहींवर थांबत नाहींत. मिळतील तितक्या यंत्रांच्या नोंदी घेऊन, सर्वांशीं मिळून कमींत कमी विसंगत ठरेल असें केंद्र शोधतात.

आणखी एक गोष्ट मला त्या विद्यार्थ्यानेंच शिकविली. एकदां तो सहज म्हणाला, “माझी आई म्हणते, आधीं आवाज येतो, मग भिंत हलते, पण मध्यें एकाहून जास्त आंकडा मोजायला सवड मिळत नाहीं.” त्या माउलीनें शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें, परंतु ती जें मोजीत होती तें ओल्डहॅमच्या दोन लाटांमधील अंतर होतें. जलद लाट जमिनींतून वर येतांना हवेस धक्का देते, तोच आवाज. मागून मंद लाट येते, तीच भिंत हलविते. जपानचा ओमोरी यानें १८९९ च्या सुमारास या दोहोंमधील वेळेवरून अंतर काढण्याचा नियम बसविला. ढोबळमानानें दर सेकंदास ८ किलोमीटर. आपल्या पहिल्या गांवीं हा अवधि एक सेकंद भरला, असें समजा. मग केंद्र तेथून तिरकस अंतरानें ८ किलोमीटर. आडवें अंतर ५ किलोमीटर हें वर्तुळानें सांगितलेंच आहे. कर्ण ८, भुज ५. ६४ मधून २५ वजा केले, ३९ उरले. त्याचें वर्गमूळ सव्वासहा. म्हणजे केंद्राची खोली सुमारें सव्वासहा किलोमीटर. यंत्रें सारीं भूपृष्ठावरच असतात, म्हणून नुसत्या सारख्या वेळांवरून खोली कळत नाहीं. ती या दुसऱ्या मोजणीनें कळते. डहाणूचे धक्के असेच उथळ होते, आणि उथळ म्हणूनच लहान असूनही ते एवढ्या आवाजाचे आणि एवढे भिवविणारे.

आतां शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न. केंद्र कळलें, पुढें काय? महाराष्ट्राच्या स्मरणांत तीन घटना आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटें कोयना हादरली. १९८३ मध्यें शहापूरकडील भातसा धरणाच्या परिसरांत अशीच लहान धक्क्यांची रांग लागली, आणि ती मोठा अनर्थ न करितां ओसरली. १९९२ मध्यें किल्लारीच्या परिसरांत लहान धक्के बसले, लोक भ्याले, धक्के थांबले, लोक घरांत परतले. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटें सुमारें दहा हजार माणसें ढिगाऱ्याखालीं गेलीं. डहाणूच्या रांगेचें टोंक भातशाकडे वळेल कीं किल्लारीकडे, याचें उत्तर २०१९ मध्यें कोणतेंही समीकरण देऊं शकत नव्हतें, आणि आजही देऊं शकत नाहीं. पावसाचें पाणी भेगांतून खोल उतरून कातळ सरकण्यास साह्य करीत असावें, असें एक मत तज्ज्ञांनीं मांडलें आहे; तें ‘कां’ याचें उत्तर झालें, ‘केव्हां’ याचें नव्हे.

मग ‘कोठें’ याचें मोल काय? मोल हें कीं, भीतीस सीमा पडते आणि कामास जागा मिळते. केंद्र कोणत्या पट्ट्याखालीं आहे हें निश्चित झालें, म्हणजे कोणत्या पाड्यांतील घरें आधीं तपासावीं, कोणत्या शाळेची भिंत आधीं बांधून घ्यावी, हें ठरवितां येतें. या मुलुखांतील कारवीच्या कुडाचें, शेणमातीनें लिंपलेलें जुनें घर हेलकावतें, पण सहसा माणसावर कोसळत नाहीं. जोखीम आहे ती बांधणीवांचून रचलेल्या विटांच्या आणि दगडांच्या भिंतींत. माणसें मारतो तो भूकंप नव्हे, भिंत. आणि भिंत हें मनुष्याच्या हातचें काम आहे.

त्या विद्यार्थ्यास मीं माझें उत्तर दुरुस्त करून सांगितलें. त्यानें सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “म्हणजे सर, आईचीही नोंद धरायची?” मीं म्हटलें, धरावयाची, मिल्ननें पोस्टकार्डें धरलीं होतीं तशीच. त्या दिवसापासून वर्गांत हें उदाहरण शिकवितांना मीं एक बदल केला आहे. पुस्तकांत तीन बिंदु दिलेले असतात; वर्तुळ काढून झालें कीं मी फळ्यावर चौथा बिंदु मांडतों आणि विद्यार्थ्यांस विचारतों, हा वर्तुळावर येतो का? परीक्षेंत या चौथ्या बिंदूस गुण नाहींत, हें कोणी तरी दरवर्षीं लक्षांत आणून देतें. मग मी त्यांस डहाणूची ही हकीकत सांगतों.